ओपन वॉटरमध्ये सरळ कसं पोहायचं? ट्रायथलॉनची तयारी करणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

मी पोहायला दोनदा शिकले. पहिल्यांदा लहानपणी आजोळच्या विहिरीत, पाठीला भोपळा बांधून. दुसऱ्यांदा पस्तिशी उलटल्यावर पुण्यात टँकवर, ट्रायथलॉनसाठी, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं अशा सलग स्पर्धेसाठी, फ्रीस्टाइल. दोन्ही वेळा एक गोष्ट कुणी शिकवली नाही, ती म्हणजे टँकच्या तळाची काळी रेघ नसताना सरळ कसं जायचं. पहिल्या समुद्री स्पर्धेत मी शेवटच्या बोयाच्या, म्हणजे मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या फुग्याच्या, जवळपास शंभर मीटर डावीकडे पोचले होते. कायकवाल्या (छोट्या वल्ह्याच्या होडीतल्या) पोराने शिट्टी मारून वळवलं नसतं तर आणखी लांब गेले असते. गेली काही वर्षं आमच्या गटात नव्याने येणाऱ्यांना मी हाच भाग शिकवते, आणि त्यांचे प्रश्न दर वर्षी जवळजवळ तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत.

माझं मत आधीच सांगून टाकते. सरळ पोहणं हे निम्मं हातांचं काम आहे आणि निम्मं डोळ्यांचं. बहुतेक जण नुसत्या डोळ्यांच्या मागे लागतात, आणि मग मान दुखेपर्यंत समोर बघूनही वाकडेच जातात.

टँकमध्ये मी अगदी सरळ जातो. समुद्रात का भरकटतो?

कारण टँकमध्येही तुम्ही सरळ जात नसता. तळाची काळी रेघ तुम्हाला दर सेकंदाला दुरुस्त करत असते आणि ते तुमच्या लक्षातही येत नाही. शिवाय अडीच मीटरच्या लेनमध्ये दोन्ही बाजूंना दोर असतात, आणि पंचवीस किंवा पन्नास मीटरवर भिंत येऊन सगळी चूक पुसून टाकते. पुन्हा पाय मारून निघालात की दिशा नव्याने शून्यावर येते.

हे फक्त पाण्यात होतं असंही नाही. जर्मनीतल्या ट्युबिंगनच्या संशोधकांनी २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी माणसांना जंगलात आणि सहाराच्या वाळवंटात सरळ चालायला सांगितलं. सूर्य दिसत होता तोवर लोक बऱ्यापैकी सरळ गेले. आभाळ भरून आल्यावर जंगलातले गोल फिरू लागले, आणि त्यांना मात्र आपण सरळच चाललोय असं वाटत होतं. डोळे बांधलेल्यांची वर्तुळं तर काही वेळा वीस मीटर व्यासाइतकी लहान झाली. गढूळ समुद्रात तोंड खाली घालून पोहणारा माणूस म्हणजे डोळे बांधलेलाच. म्हणून “मला दिशेचं भान नाही” असं वाटून खट्टू होऊ नका. ते कुणालाच नसतं.

माझ्या स्ट्रोकमधला कुठला दोष मला वळवतो, हे कसं ओळखायचं?

यासाठी एकच चाचणी पुरते आणि ती टँकमध्येच होते. सकाळी गर्दी नसताना मधली लेन घ्या. एका मित्राला काठावर उभं करा, समोरून कुणी येत नाही याची खात्री करा, आणि डोळे मिटून नेहमीच्या वेगाने बारा ते पंधरा हात मारा. मग डोळे उघडा. कुठल्या बाजूच्या दोराकडे गेलात ते बघा. हे पाच-सहा वेळा करा. बहुतेक सगळे दर वेळी एकाच बाजूला जातात. ती तुमची बाजू. ती कळली की निम्मं काम झालं.

आता कारण शोधायचं. मी पाहिलेल्या लोकांत तीन कारणं सतत सापडतात.

पहिलं, हात मध्यरेषा ओलांडतो. डावा हात पाण्यात शिरताना डोक्यासमोरून उजवीकडे जातो, आणि तिथून पाणी ओढताना तुमचं धडच फिरवतो. श्वास घेणाऱ्या बाजूच्या विरुद्ध हाताचं हे जास्त होतं, कारण मान वळली की खांदा तिच्यामागे जातो. उपाय सोपा आहे, पण महिनाभर चिकाटीने करावा लागतो. डोकं म्हणजे घड्याळातले बारा समजा, आणि हात अकरा आणि एकवर टाका. सुरुवातीला “मी हात फारच फाकवतोय” असं वाटेल. मोबाइलवर समोरून व्हिडिओ काढा, म्हणजे कळेल की हात आत्ता कुठे खांद्याच्या रेषेत आला आहे.

दुसरं, श्वास घेताना पुढचा हात खचतो. तोंड बाजूला गेलं की पुढे पसरलेला हात आधारासाठी पाण्यावर दाबला जातो आणि खाली जातो. त्या हाताची ओढ वाया जाते, दुसऱ्या हाताची पूर्ण लागते, आणि नावेचं एकच वल्हं मारल्यासारखं तुम्ही वळता. यावर उपाय म्हणजे श्वास घेताना तो हात पुढे लांब ठेवणं, आणि डोकं उचलून नव्हे तर लोळवून श्वास घेणं. एक गॉगल पाण्यात, एक बाहेर.

तिसरं, पायांची कात्री. श्वासाच्या क्षणी तोल जातो आणि तो सावरायला एक पाय लांब बाजूला फेकला जातो. हे स्वतःला कळत नाही, मागून पोहणाऱ्याला दिसतं. त्यालाच विचारा.

एका हातात जास्त ताकद आहे म्हणून मी वळतो, असं बरेच जण सांगतात. तसंही असतं, पण मी जितकं ऐकते त्याच्या मानाने क्वचितच. आधी वरची तीन कारणं तपासा.

दोन्ही बाजूंनी श्वास घेता यायलाच हवा का?

यायला हवा. स्पर्धेत तसा घ्यायलाच हवा असं नाही.

सरावात दर तीन हातांनी श्वास घेतल्याने स्ट्रोकची डावी-उजवी बाजू सारखी होते, म्हणून आठवड्यातले काही फेरे तसे करा. पण स्पर्धेत हवा महत्त्वाची. दोन हातांनी एका बाजूला श्वास घेणारे कितीतरी जण सरळ पोहतात. डावी बाजू जमते का, याचा खरा उपयोग वेगळाच आहे. उजवीकडून लाटा येत असतील, किंवा उजवीकडे सूर्य असेल, किंवा किनारा डावीकडे असेल, तर तुम्हाला निवड करता येते. किनारा ज्या बाजूला आहे त्या बाजूने श्वास घेतलात तर दर श्वासाला फुकटात दिशा मिळते. किनाऱ्याला समांतर पोहताना ही सगळ्यात स्वस्त युक्ती आहे.

समोर बघायचं नेमकं कसं? डोकं काढलं की पाय बुडतात आणि दम लागतो.

कारण तुम्ही डोकं काढताय. फक्त डोळे काढायचे आहेत. सुसरीचे पाण्यावर दिसतात तेवढेच.

क्रम असा. समजा तुम्ही उजवीकडे श्वास घेता. डावा हात पुढे जाऊन पाणी धरायला लागतो, त्या क्षणी त्याच्या आधाराने कपाळ पुढे-वर न्या, गॉगल पाण्याबाहेर येईपर्यंतच. तोंड पाण्यातच राहू द्या. एक झलक घ्या. लगेच डोकं उजवीकडे लोळवून नेहमीसारखा श्वास घ्या आणि पुन्हा खाली. बघणं आणि श्वास घेणं ही दोन कामं एकामागून एक करायची, एकत्र नाही. समोर बघत तोंडाने हवा घ्यायला गेलात की तोंडाबरोबर हनुवटी, हनुवटीबरोबर छाती वर येते आणि कंबर खाली जाते. शिवाय समोरून येणारी लाट थेट घशात.

आणखी एक. एका झलकेत सगळं दिसायला हवं, हा हट्ट सोडा. पहिल्या झलकेत केशरी ठिपका कुठेतरी दिसतो, दुसरीत तो नक्की कुठे आहे ते कळतं, तिसरीत तुम्ही दिशा सुधारता. नवखे पहिल्या झलकेत काही दिसलं नाही म्हणून डोकं वरच ठेवतात, आणि तिथेच त्यांची लय मोडते. तीन हातांमध्ये सलग तीन छोट्या झलका घेणं हे एका लांब नजरेपेक्षा केव्हाही बरं.

लाटा असतील तर लाटेच्या माथ्यावर असताना बघा. खळग्यात बघून फक्त पाण्याची भिंत दिसते. अंग वर उचललं जातंय हे पोटाला कळतं, त्या जाणिवेची वाट बघायला शिका.

मी विहिरीत पोहायला शिकलो, डोकं वर ठेवूनच पोहतो. ते सगळं विसरायचं का?

अजिबात नाही! तुमच्याकडे जे आहे ते टँकवर शिकलेल्यांना मुद्दाम कमवावं लागतं. विहीर, नदी, ओढा यांत शिकलेल्या माणसाला खोल आणि काळ्या पाण्याची भीती नसते, काठ कुठे आहे याचं भान असतं आणि डोकं वर ठेवून चार हात मारायची मानेला सवय असते. कोल्हापूर-सांगलीकडची जी मंडळी आमच्याकडे येतात, त्यांचा स्ट्रोक ओबडधोबड असेल, पण पहिल्याच दिवशी ती बोयाकडे जातात.

पूर्ण अंतर मात्र डोकं वर ठेवून जाणार नाही. ७०.३ मध्ये, म्हणजे एकूण ७०.३ मैलांच्या अर्ध्या आयर्नमॅन ट्रायथलॉनमध्ये, १.९ किलोमीटर पोहायचं असतं. तेवढं डोकं वर ठेवून पोहलात तर पुढच्या ९० किलोमीटर सायकलला मान आणि कंबर दोन्ही तक्रार करतील. तोंड खाली घालायला शिका आणि जुनी सवय खिशात ठेवा. बोयाजवळच्या गर्दीत तीच कामाला येते.

किती हातांनी एकदा बघायचं?

सहा ते दहा हातांनी. पण आकडा पाठ करण्याआधी त्यामागचा हिशोब बघा, मग तुमचा आकडा तुम्हीच ठरवाल.

१.९ किलोमीटर नागमोडी पोहलात आणि सतत दहा अंशांनी चुकत राहिलात, तर साधारण ३० मीटर जास्त पडतात. म्हणजे काहीच नाही. वीस अंशांनी चुकलात तर सुमारे १२० मीटर. तीस अंशांनी चुकलात तर जवळजवळ ३०० मीटर. शंभर मीटरला अडीच मिनिटं लागणाऱ्या माणसाची त्यात सात मिनिटांहून जास्त जातात. लहान चूक अगदी स्वस्त आहे, मोठी चूक फार महाग.

आता दुसरी बाजू. तुम्ही तिरक्या रेषेत जात नाही, तुम्ही वळत जाता, आणि वळण साठत जातं. समजा डावा-उजवा मिळून एका जोडीला तुम्ही फक्त एक अंश वळता. आठ हातांनी बघितलंत तर चूक चार अंशांची होते. साठ हात न बघता गेलात तर तीस अंशांची. म्हणजे मघाचा महाग भाग तुम्ही पन्नासेक मीटरमध्येच गाठला.

म्हणून ज्याचा स्ट्रोक सरळ आहे त्याला पंधरा हातांनी बघूनही चालतं, आणि जो फार वळतो त्याला सहा हातांनी बघावं लागतं. डोळे मिटून केलेली चाचणी इथे उपयोगी पडते. ज्या संख्येला तुम्ही दोराला लागता, त्याच्या आत बघायचं. स्ट्रोक जितका दुरुस्त होईल तितकं बघणं कमी होईल, आणि दम वाचेल.

बोयाच दिसत नाही. मग काय बघू?

बोयामागचं काहीतरी मोठं. पाण्याच्या पातळीवरून डोळे जेमतेम दहा सेंटीमीटर वर असतात, आणि तीनशे मीटरवरचा बोया हातभर उंच लाटेमागेही लपतो. पण त्याच्या मागची इमारत, डोंगराचा खांदा, मोबाइलचा टॉवर, देवळाचा कळस, इतरांपेक्षा उंच असलेला माड, हे लपत नाहीत. स्पर्धेच्या आदल्या दिवशी पाण्यात उतरा, प्रत्येक टप्प्याच्या रेषेत मागे काय आहे ते ठरवा, आणि मनात नाव देऊन टाका. “पांढरी इमारत”, “दोन माड”. पोहताना डोकं दमलेलं असतं, त्याला सोपे शब्द लागतात.

आपल्या किनाऱ्याची एक खास अडचण आहे. कोकण आणि गोव्याचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. सकाळी आत जाताना सूर्य पाठीशी असतो, सगळं लख्ख दिसतं. परतताना मात्र तो थेट डोळ्यांत असतो आणि पाण्यावर चांदीचा पत्रा पसरल्यासारखं होतं. बहुतेक जण परतीच्या टप्प्यातच भरकटतात, थकव्याने नाही, उजेडाने. म्हणून परतीची खूण रंगावरून निवडू नका. सूर्यासमोर सगळे रंग काळे होतात, उरतो तो आकार. आभाळाच्या कडेवर जी रेघ दिसते, तिच्यातला उंचवटा किंवा खाच निवडा.

जाताना बोया दिसत नसेल आणि समोर दुसरी बाजूच नसेल, नुसतं क्षितिज असेल, तर अधूनमधून मागे किनाऱ्याकडे बघायला हरकत नाही. पाठीवर एक पलटी मारा, दोन हात उलटे मारा, निघालेली जागा बरोबर पाठीमागे आहे ना ते बघा. दोन सेकंद जातात.

गॉगल कुठला घ्यावा?

दोन घ्या. उन्हासाठी गडद काचेचा, ढगाळ सकाळसाठी पारदर्शक. नवा गॉगल स्पर्धेत पहिल्यांदा घालू नका. पट्टा कॅपच्या आत ठेवलात तर सुरुवातीच्या धक्काबुक्कीत निघत नाही.

प्रवाह बाजूने असेल तर बोयाकडे तोंड करूनही मी लांब जातो. असं का होतं?

कारण तुम्ही पाण्यात सरळ जात असता, पण पाणीच सरकत असतं. शंभर मीटरला अडीच मिनिटं घेणाऱ्याचा वेग सेकंदाला साधारण ६७ सेंटीमीटर होतो. आडवा प्रवाह सेकंदाला फक्त २० सेंटीमीटर असला, म्हणजे काठावरून बघणाऱ्याला पाणी जवळजवळ स्थिर वाटेल इतका, तरी पाचशे मीटर जाईपर्यंत तो तुम्हाला दीडशे मीटर बाजूला नेतो. वाटेत तुम्ही दर वेळी बोयाकडे तोंड वळवत राहता, म्हणून तुमचा मार्ग विळ्यासारखा वाकडा होतो आणि शेवटचा भाग प्रवाहाच्या तोंडावर पोहावा लागतो.

यावर जुना दर्यावर्दी उपाय आहे. एक खूण नव्हे, एका रेषेतल्या दोन खुणा धरायच्या. पुढे बोया, मागे पांढरी इमारत. इमारत बोयाच्या डावीकडे सरकताना दिसली तर तुम्ही डावीकडे वाहताय, उजवीकडे सरकली तर उजवीकडे. दोन्ही पुन्हा एकावर एक येईपर्यंत प्रवाहाच्या उलट बाजूला थोडं तिरकं पोहा. तोंड बोयाकडे नसेल, पण जाल मात्र बोयाकडेच. आधी हे विचित्र वाटतं. एकदा जमलं की विसरत नाही.

यासाठी भरती-ओहोटीचं गणित माहीत हवं. कोकणातली जुनी माणसं ते पंचांगावरून काढतात. तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहाला, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. हे ढोबळ आहे, जागेप्रमाणे फरक पडतो, म्हणून स्पर्धेच्या दिवसाचं त्या बंदराचं कोष्टक बघाच. पण तारीख कळताक्षणी अंदाज बांधायला तिथी पुरते. आणि त्याहून महत्त्वाचं, स्पर्धा उधाणाच्या दिवसांत येते की भांगाच्या, हे कळतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं, म्हणून जोरात वाहतं. अष्टमीच्या आसपास ते सगळ्यात शांत. मुंबईला उधाणात भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या पुढे जातो, गोव्यात तो दोन मीटरच्या आसपास असतो. म्हणूनच मुंबईच्या बंदरात पोहणाऱ्यांना प्रवाहाची जी धास्ती असते ती गोव्यात तेवढी जाणवत नाही. तरी गोव्याची ७०.३ जिथे होते ते मिरामार मांडवी नदीच्या मुखाशी आहे हे विसरू नका. ओहोटीला नदीचं पाणी समुद्राकडे धावतं.

इंग्लिश खाडी पोहणारे तर तासन्‌तास पोहतात. ते कसे चुकत नाहीत?

त्यांच्यासोबत बोट असते. धरमतर ते गेटवे हे साधारण ३६ किलोमीटर पोहणारी आपली मुलं असोत, किंवा २०१८ साली सात समुद्रांचं (ओशन्स सेव्हन, म्हणजे जगातल्या सात सामुद्रधुन्या पोहण्याचं) आव्हान पुरं करणारा पुण्याचा रोहन मोरे, दिशा बघण्याचं काम बोटीवरच्या माणसाचं. पोहणारा बोटीच्या बाजूने श्वास घेतो आणि तिच्यापासून ठरावीक अंतर राखतो. आणि तेही रेषेत जात नाहीतच. इंग्लिश खाडीचा नकाशा बघितलात तर भरती-ओहोटीमुळे त्यांचा मार्ग मोठ्या वळणाचा झालेला दिसतो. ट्रायथलॉनमध्ये बोट तुम्हीच आणि नावाडीही तुम्हीच. त्यामुळे लांब पल्ल्याच्या पट्टीच्या जलतरणपटूलाही हे वेगळं शिकावं लागतं.

पुढच्याच्या पायामागे राहिलं तर बघायची गरजच नाही ना?

पोहण्याच्या टप्प्यात दुसऱ्याच्या मागे राहायला परवानगी असते, आणि त्याने श्रम खरंच वाचतात. पायांचे बुडबुडे दिसतील इतकं जवळ राहा, पायांना हात लावत बसू नका. पण बघणं सोडू नका. तुमच्या पुढचाही कदाचित वळतच असतो! मी एकदा एका गृहस्थांच्या मागे फार सुखाने दोनशे मीटर गेले आणि डोकं काढलं तेव्हा आम्ही दोघंच होतो. बाकी सगळी मंडळी उजवीकडे लांब. तेव्हापासून मागे असताना मी दर वीस हातांनी एकदा बघतेच.

बोयाला वळताना सगळा गोंधळ होतो.

होतोच. आतल्या कडेला चिकटू नका, तिथे लाथा बसतात. दोन-तीन मीटर बाहेरून वळा. बोया येण्याआधीच पुढच्या टप्प्याची खूण आठवा, आणि वळल्यावर पहिल्या दहा हातांत दोन-तीन झलका घ्या. वळताना माणूस नेमका किती वळला हे त्याला कळत नाही, आणि पुढचा अख्खा टप्पा त्या चुकीच्या कोनाने सुरू होतो.

घड्याळाने २.२ किलोमीटर दाखवले. मी खरंच तीनशे मीटर जास्त पोहलो का?

कदाचित. कदाचित नाही. हात पाण्याखाली गेला की घड्याळाचा उपग्रहाशी संपर्क तुटतो, बाहेर आला की पुन्हा जोडतो, मधलं घड्याळ अंदाजाने भरतं. त्यामुळे मनगटावरची रेषा थोडी दातेरी येतेच. खरं बघायचं असेल तर सरावात घड्याळ कॅपखाली, डोक्याच्या मागे ठेवा किंवा कमरेला बांधायच्या फुग्यावर अडकवा. मिळालेल्या रेषेत अंतरापेक्षा आकार बघा. सगळी वळणं एकाच बाजूची असतील तर दोष स्ट्रोकचा. दोन्हीकडची असतील तर तुम्ही उशिरा बघून जास्त दुरुस्ती करताय. एकच मोठी कमान असेल तर प्रवाह.

गोव्याच्या स्पर्धेसाठी समुद्रातला सराव केव्हा करायचा? तयारीचे महिने तर पावसाळ्यात येतात.

हा खरा आपल्याकडचा प्रश्न आहे, आणि बाहेरच्या तयार वेळापत्रकांत त्याचं उत्तर मिळत नाही. गोव्यात ७०.३ पहिल्यांदा ऑक्टोबर २०१९ मध्ये मिरामारला झाली, आणि तेव्हापासून ती ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच होत आली आहे. म्हणजे आधीचे चार महिने, जून ते सप्टेंबर, समुद्र बंद. मासेमारांच्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात तेव्हा आपण पाण्यात शिरायचं नसतं. नारळी पौर्णिमेनंतरही समुद्र लगेच शांत होत नाही.

म्हणून मी वर्ष उलटं मांडते. समुद्राची ओळख आदल्या डिसेंबर ते मे या काळात करून घ्या. मालवणला चिवला बीचवर डिसेंबरमध्ये सागरी जलतरण स्पर्धा होतात. तिथे लहान अंतराला उतरलात तरी खारं पाणी, बोया आणि गर्दी तिन्ही एकदम अनुभवायला मिळतात. पावसाळ्यात टँकमध्ये स्ट्रोक सरळ करा. मग स्पर्धेच्या आठवड्यात एक-दोन दिवस आधी पोचून पाण्यात उतरा.

पावसाळ्यातल्या टँकसाठी मी चार गोष्टी देते. डोळे मिटून पोहणं, आठवड्यातून एकदा, प्रगती मोजण्यासाठी. टँकच्या टोकाला, काठापासून थोडी लांब, रंगीत बाटली ठेवायची आणि प्रत्येक फेरीत दोनदा तिच्याकडे झलक टाकायची. मित्राने मधूनच बाटली हलवायची, म्हणजे खरंच बघितलं की नुसतं डोकं हलवलं ते कळतं. डोकं वर ठेवून पंचवीस मीटर, चार वेळा, मान आणि पाठ तयार होण्यासाठी. आणि टँकवाल्यांनी परवानगी दिली तर एक दिवस दोर काढून चौघांनी एकाच लेनमध्ये खांद्याला खांदा लावून पोहायचं. गोव्यात पाण्याखाली स्वतःचा हातसुद्धा धड दिसत नाही. त्या अवस्थेत शेजारच्याचा धक्का बसल्यावर लय टिकवायची सवय इथेच लागते.

तलावात किंवा धरणात सराव केला तर?

तलाव चांगले. कोल्हापूरकर राजाराम तलावात सराव करतात, तशा जागा तुमच्या जिल्ह्यातही असतील. धरणांबद्दल मी कडक आहे. परवानगी नसेल तर उतरू नका. गाळ, बुडालेली झाडं, अचानक खोल होणारा तळ आणि सोडलेलं पाणी यांनी दर वर्षी चांगल्या पोहणाऱ्यांचे जीव घेतले आहेत.

कुठेही गेलात तरी एकटं जायचं नाही. भडक कॅप, कमरेला रंगीत फुगा, काठावर एक माणूस जो फक्त तुमच्याकडे बघेल. समुद्रात स्थानिक मच्छीमारांना विचारल्याशिवाय उतरायचं नाही. “इथे ओढ आहे का?” हा एकच प्रश्न विचारा आणि ते नको म्हणाले तर परत फिरा.

सुरुवातीलाच छाती धडधडते आणि मग दिशेचं भानच राहत नाही.

घाबरलेला माणूस डोकं वर काढतो, हात आखूड मारतो, आणि श्वास सोडायला विसरतो. मग वळतो. म्हणून पहिल्या दोनशे मीटरमध्ये दिशेची काळजी करू नका, श्वास सोडण्याची करा. पाण्यात तोंड असताना मोठ्याने बुडबुडे काढा, मनातल्या मनात आकडे मोजा. गर्दीच्या कडेने, मागून सुरू करा. तरी घाबरायला झालं तर पाठीवर पडून आभाळ बघा. खारं पाणी गोड्यापेक्षा तुम्हाला जास्त वर धरतं, बुडणार नाही.

कायकला किंवा बोयाला धरलं तर बाद होतो का?

नाही. थांबून धरता येतं, दम घेता येतो. धरून पुढे सरकायचं नाही एवढाच नियम. मदत हवी असेल तर हात वर करा. स्ट्रोकही कुठलाही चालतो, त्यामुळे दिशा पूर्ण हरवली तर दोन-तीन हात ब्रेस्टस्ट्रोक मारा आणि शांतपणे चौफेर बघा. ७०.३ मध्ये पोहायला सहसा १ तास १० मिनिटं मिळतात. त्यातली पाच सेकंद खर्च करून बरोबर दिशा धरणं परवडतं.

स्पर्धेच्या सकाळी किनाऱ्यावर पोचल्यावर काय बघू?

उजाडायच्या आधी पोचा आणि उजाडेपर्यंत थांबा, कारण अंधारात ठरवलेल्या खुणा उपयोगाच्या नसतात. पाण्याच्या कडेला उभं राहून पहिला बोया, त्यामागचं काही, आणि वळणाची बाजू बोटाने दाखवून स्वतःला सांगा. बोयाकडे नीट बघा. त्याच्या एका बाजूला पाणी दुभंगताना दिसलं, किंवा नांगरलेल्या होड्या सगळ्या एकाच दिशेला तोंड करून उभ्या असतील, तर प्रवाह आहे आणि होड्यांची तोंडं ज्या दिशेला तिकडून तो येतोय. जोराचा वारा असेल तर होड्या वाऱ्यानेही फिरतात, म्हणून दोन्ही ताडून बघा. मग मागे वळून, पोहून बाहेर यायच्या कमानीच्या मागे आभाळाच्या कडेला काय उंच दिसतंय ते ठरवा. सूर्य त्याच्या नेमका कुठल्या बाजूला येणार आहे तेही बघून ठेवा. मग गॉगल चढवा, आणि पाण्यात जाऊन दहा हात डोळे मिटून मारा.